साहेबांचा हात

लिफ्टमध्ये शिरलेल्या माणसाने मजल्याचं बटण दाबलं, मामाकडे एकदा पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि तिसऱ्यांदा पाहताना त्याचा चेहरा एकदम उजळला. "तुम्ही ते नाही का हो," तो म्हणाला, "साहेबांनी कान फोडलेले?" मामाने मान हलवली. नाही म्हणायची सोय नव्हती. समोरच्याच्या हातात दुधाची पिशवी, पायात घरातल्या सपाता, असा साधा गृहस्थ. त्याने पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि कुणाला काही न विचारता बोट लांब करून मामाच्या डाव्या कानाला लावलं. भाजी ताजी आहे का ते दाबून बघावं तसं. "हाच ना तो? यातून काहीच ऐकू येत नाही? काहीच?" मग फोन निघाला, फोटो निघाला, एकात त्याचे डोळे मिटले म्हणून दुसरा निघाला. मामा हसत होता. सवयीने त्याने डावी बाजू फोनकडे केली होती, आणि हसत हसतच तो मनात त्या माणसाचं डोकं मागच्या आरशावर आपटत होता. एकदा आपटलं तेव्हा आरसा तडकला, दुसऱ्यांदा दुधाची पिशवी फुटली, तिसऱ्यांदा काचेचा एक तुकडा गालात शिरून दातांना लागला आणि तो कर्र असा आवाज मामाला चांगल्या कानाने स्पष्ट ऐकू आला. लिफ्ट थांबली. "थँक्यू हां," तो माणूस म्हणाला, "पोराला दाखवतो. तोही खेळतो."

ताईच्या मजल्यावर मामा उतरला खरा, पण बेल वाजवायला हात उचलेना. असले विचार त्याला नवीन नव्हते. ते त्याच्या डोक्यात जुन्या भाडेकरूंसारखे राहत, आवाज न करता, आणि त्यांना बाहेर काढायचं त्याने केव्हाच सोडून दिलं होतं. आज निराळं होतं ते एवढंच की उजवा तळवा गरम झाला होता, बोटं आपोआप आत वळली होती, हात शिवशिवत होता. हा हात आपला नाहीच, कुणाचा तरी सांभाळायला दिलेला आहे, असं त्याला वाटलं. त्याने तो पँटला पुसला. काखेत बॅग होती, बॅगेत कराराचे कागद होते, दाराच्या आत त्याची सख्खी थोरली बहीण होती आणि तिचा मुलगा होता. आज त्या मुलाने सही केली की तो साहेबांचा झाला.

मामा हे काही त्याचं नाव नव्हे. फुटबॉल क्लबातले सगळे खेळाडू त्याला मामा म्हणत, कारण त्या सगळ्यांना आपापल्या घरातून उठवून इथे आणणारा तोच होता. (मामा बनवतो म्हणून मामा, असं मागून कुणी म्हणत असेल, तर तेही खोटं नव्हतं.) क्लबाचं मैदान खड्ड्यांचं, न्हाणीघरातलं गरम पाणी पहिल्या दोघांना पुरणारं, आणि दुसरे क्लब याच्याहून जास्त पैसे मोजायला तयार. तरी पोरं यायची. दहा आली तर त्यातली दोन पैशासाठी, एखादा बायकोला हे शहर आवडलं म्हणून, आणि उरलेली सगळी साहेबांसाठी, म्हणजे क्लबाच्या प्रशिक्षकासाठी. साहेबांच्या हाताखाली खेळलो, एवढं एक वाक्य जन्मभर पुरतं असं त्यांना वाटे, आणि तसं वाटायला लावणं हेच मामाचं काम होतं. त्याची रीत ठरलेली होती. घरात शिरताना आधी चपलांकडे पाहायचं. ज्याचे जोडे भिंतीला नीट लावलेले असतील, त्याच्या शब्दाला त्या घरात वजन असतं. कागद आपण होऊन काढायचे नाहीत. साहेबांचं नाव तर मुळीच काढायचं नाही. बाप काही बोलू लागला की फक्त डावा कान पुढे करायचा आणि विचारायचं, "अं? काय म्हणालात?" की मग घरातलं कुणीतरी चाचरत विचारतंच, ते खरं आहे का हो?

खरं आहे, मामा म्हणायचा, आणि मग सांगायचा. मध्यंतर. आपण मागे पडलेले. खोलीचं दार आतून लागलं. साहेबांसमोर हात मागे बांधून उभं राहायचं, तसे सगळे उभे. साहेबांनी मनगटावरचं घड्याळ काढलं आणि मालिशवाल्याच्या हातात दिलं. (इथे थांबायचं. इथे आईचा हात पदराशी किंवा गळ्याशी जातो.) फटका ऐकू आला नाही, पांढरा दिसला. मग मी बाहेर गेलो, अर्धं मैदान मुकं झालं होतं, आणि मी एका कानाने गोल केला. (इथे हसायचं.) त्या दिवसापर्यंत मी पोरगा होतो. एवढं झालं की बापाचे डोळे पाणावत, आई चहा टाकायला उठे, आणि मुलगा पेन शोधू लागे. मामाने ही गोष्ट इतक्या घरांत सांगितली होती की ती सांगताना तो दुसरंच काही पाहू शके. छताचा ओलावा, कपाटावरचे धुळकट चषक, आईच्या हातावरचा चटका.

सांगायचं नसे ते हे. की फटका बसायच्या आधीच, घड्याळ निघालं तेव्हाच, त्याची चड्डी ओली झाली होती. की गोल कुणी केला, कसा झाला, यातलं त्याला काहीही आठवत नव्हतं. ते त्याने नंतर सामन्याच्या व्हिडिओ फितीवर पाहिलं, दुसऱ्याच कुणाचा गोल पाहावा तसं. की मैदानाबाहेर येऊन तो न्हाणीघरात हिरवंपिवळं ओकला, आणि त्यानंतर कित्येक महिने जमीन डावीकडे कललेली राहिली. ताई त्याला कुशीवर वळवायची, कान कोमट पाण्याने धुवायची, उशीवरचे पिवळे डाग रगडून काढायची. पुढच्या मोसमात डावीकडून धावत आलेला समोरचा बचावपटू त्याला ऐकूच आला नाही. गुडघा मोडला तो आवाज मात्र उजव्या कानाने ऐकला. पुढे साहेबांनीच त्याला नोकरी दिली, आपला माणूस म्हणून, आणि लोक म्हणाले, बघा, मारतात तेवढं सांभाळतातही. बऱ्याच वर्षांनी, एक सामना जिंकून परतताना, बसमध्ये साहेबांच्या शेजारी बसून त्याने धीर केला आणि विचारलं, "साहेब, तेव्हा मलाच का?" साहेब शेंगदाणे खात होते. "कधी?" त्यांनी विचारलं. त्याने आठवण करून दिली. साहेबांनी सालं फुंकली, थोडा विचार केला, अगदी प्रामाणिकपणे केला, आणि म्हणाले, "तू दाराजवळ होतास." मग मूठभर शेंगदाणे त्याच्या तळव्यावर ठेवले. त्याने ते खाल्ले.

तेही पचलं होतं. पचलं नाही ते पंजाचं. पंजा म्हणजे गोलकीपर, हसरा पोरगा, त्याच्या आईला मामानेच ती गोष्ट सांगितली होती. यंदा एका हरलेल्या सामन्यानंतर तो कशाला तरी हसला. त्याचा हात उघड्या कपाटाच्या चौकटीवर होता. साहेबांनी पत्र्याचं दार लाथेने लावलं, आणि ते पूर्ण लागेना म्हणून खांदा टाकून लावलं. मामा चार हातांवर उभा होता. दार उघडल्यावर बोटं जागेवर होती, पण बोटांसारखी नव्हती. एका नखाखालून पांढरं काहीतरी वर आलं होतं आणि पंजा त्याच्याकडे असा पाहत होता की हे कुणाचं आहे? 'सरावात लागलं' हे वाक्य मामाने बनवलं. 'पोराला झेपलं नाही' हेही त्याचंच. त्याला घरी सोडायला मामाच गेला, आणि दारात त्या पोराच्या आईने हाताकडे पाहिलं, मग मामाकडे पाहिलं आणि विचारलं, "साहेब परत घेतील ना?" गोष्ट फुटली, चार ठिकाणी कुजबुज झाली, तेव्हा मामाला वाटलं, आता आटोपलं, आता चिटपाखरू फिरकणार नाही. झालं उलटंच. त्या आठवड्यात फोन वाढले. त्यातला एक ताईच्या मुलाचा होता, आणि तो मामाला नाही, थेट साहेबांना केलेला होता. दुसऱ्या दिवशी साहेबांनी मामाची मान मागून धरली, प्रेमाने दाबली, आणि म्हणाले, "भाचा आण."

"आत ये की. कधीची सावली दिसतेय दाराखालून," दार उघडत ताई म्हणाली. तिने त्याला स्वयंपाकघरात नेलं आणि दार लोटून घेतलं. गॅसवर काहीतरी उकळत होतं, ते तिने बंद केलं.

"दाजी?"

"ड्युटीवर. मुद्दामच आज बोलावलं तुला. ते घरी असते तर त्यांनीच पेन पुढे केलं असतं." ती ओट्याला टेकली. "हे बघ, तुझा कान मी धुतलाय. पिल्लूचा धुवायची ताकद नाही माझ्यात. तू सांग त्याला. मला जे सांगितलंस ते सगळं सांग, लाज सोडून."

"माझं ऐकेल?"

"दुसऱ्या कुणाचं ऐकणार? लहानपणापासून तुझा कान शाळेत मिरवत आलाय तो." मग तिने विचारलं, "तुझ्या नोकरीचं?"

"गेली तर गेली."

हे तो मनापासून म्हणाला. म्हटल्याबरोबर त्याला इतकं हलकं वाटलं की स्वतःचंच नवल वाटलं. हे इतकं सोपं होतं तर. खरं सांगायचं, कागद बॅगेतच राहू द्यायचे, खाली उतरून चालत घरी जायचं. ताईने त्याच्या पाठीवर हात ठेवला, आजारपणात ठेवायची तसा, आणि त्याला पिल्लूच्या खोलीकडे ढकललं.

सहा फुटी पोराला घरात अजून पिल्लूच म्हणत. तो पलंगावर बसून पायाला चिकटपट्टी गुंडाळत होता. मामाला पाहून उठला. मान जाड, गाल अजून पोरगेले, कातडी अशी की तिला कधी काही लागलेलंच नाही. भिंतीवर साहेबांचं चित्र होतं, वर्तमानपत्रातून कापलेलं.

"कागद आणलेस, मामा?"

"आणलेत. आधी ऐक. तुला जी गोष्ट ठाऊक आहे ना, ती तशी नाही. आज खरी ऐक."

पिल्लू खुर्ची ओढून समोर बसला. मामाने सुरुवात केली. मध्यंतर, म्हणाला, आपण मागे पडलेले. आणि त्याचा आवाज खाली गेला, जिथे जायचा तिथेच. दार आतून लागलं, म्हणाला, आणि थांबला, जिथे थांबायचा तिथेच. त्याला ऐकू येत होतं की हे चुकतंय. त्याने वाक्य मोडायचा प्रयत्न केला, घाई केली, तर घाईचीही एक लय जमून गेली. तोंडाला रस्ता पाठ होता, बैल जसा गाडीवान झोपला तरी घराकडेच वळतो. घड्याळ निघालं. पिल्लू पुढे झुकला. मामा ओरडल्यासारखा म्हणाला, "माझी चड्डी ओली झाली होती, कळतंय का तुला? भीतीने! मुतलो मी!" आणि हे सुद्धा, नव्याने आलेलं, कुठल्याच घरात न सांगितलेलं, गोष्टीच्या नेमक्या चढावर येऊन बसलं. पिल्लूचे डोळे चमकले.

"आणि तरी तू बाहेर जाऊन गोल केलास," तो हळूच म्हणाला.

"मला गोल आठवत नाही. मी ओकलो. महिनोन्महिने आडवा होतो, आईला विचार तुझ्या."

"आई सांगते ना. म्हणूनच तर. एवढं होऊन तू त्यांच्याबद्दल कधी वाकडा शब्द काढला नाहीस."

"आता काढतोय! मी विचारलं त्यांना, मलाच का? काय म्हणाले माहितेय? दाराजवळ होतास म्हणून. बस. एवढंच. कुणीही असतं तिथे तर त्याला बसली असती. त्यात काही नव्हतं, पिल्लू. माझ्यात काही पाहिलं नव्हतं त्यांनी."

पिल्लूने नजर खाली घेतली. मामाला वाटलं, लागलं. कुठेतरी लागलं. पोराने चिकटपट्टीचं टोक नखाने सारखं केलं, आणि समजूत घालावी तसा म्हणाला, "तुला तसं वाटतं, मामा. दाराजवळ कोण उभं राहतं, ते त्यांनी पाहिलं असेल."

"आणि पंजा? त्याची बोटं?"

"त्याला झेपलं नाही."

मामा उठला. आपण उठलो हे त्याला उभं राहिल्यावर कळलं. स्वतःचं वाक्य दुसऱ्याच्या ताज्या, गुलाबी, न फुटलेल्या तोंडातून ऐकून त्याच्या डोळ्यांपुढे पांढरं झालं होतं, आणि हात, लिफ्टपासून शिवशिवणारा हात, निघून गेला होता. थप्पड नीट बसली नाही. बोटं गालावर आणि तळवा जबड्यावर. पिल्लूची मान वळली आणि परत आली. परत आली ती हसू घेऊन. घाबरलेलं, उत्सुक, परीक्षेला बसल्यासारखं हसू. तो खुर्चीतून उठला, सरळ उभा राहिला आणि त्याने हात मागे बांधले.

"हात सोड," मामा म्हणाला. "अडव. हात वर कर, गाढवा!"

पोराने केले नाहीत. मामाने मूठ वळली. नाकावर बसली तेव्हा आत काहीतरी ओल्या फांदीसारखं मोडलं, आणि त्या मोडण्याचा धक्का मनगटातून कोपरापर्यंत येताना त्याला बरं वाटलं. खोटं कशाला, मजा आली. त्यानंतर तो समजावण्यासाठी मारत नव्हता. तो लिफ्टमधल्या माणसाला मारत होता, पाणावलेल्या बापांना, चहा टाकायला उठणाऱ्या आयांना, बसमध्ये तळवा पुढे करून शेंगदाणे खाणाऱ्याला, आणि ते सगळे या एका पोराच्या अंगात हात बांधून उभे होते. ओठ दातांवर फुटला. भुवई फुटली. एक ठोसा गळ्याखाली बसला तेव्हा पिल्लूच्या तोंडून लहानपणीचा आवाज निघाला, झोपेत दचकल्यावर काढायचा तो, आणि तरी मामा थांबला नाही. पोरगा गुडघ्यावर आला तेव्हा त्याने केस धरून तोंड वर केलं, नीट दिसावं म्हणून, आणि पुन्हा मारलं. खोलीत फक्त धापा होत्या. मग पिल्लू पलंगाला टेकून खाली घसरला, आणि मामाला स्वतःची बोटं दिसली. सांध्यांवरची कातडी सोलली होती, एका बोटात दाताचं टोक रुतलं होतं.

ताई दारात उभी होती. केव्हापासून, कोण जाणे. हातात टॉवेल होता. तो तिने ओला करून आणला होता, म्हणजे बराच वेळ झाला असावा. ती किंचाळली नाही. तिने आधी मुलाकडे पाहिलं, मग भावाकडे, आणि म्हणाली, "हे काय केलंस?"

मामाने तोंड उघडलं. काय केलं होतं? वाचवायला आलो होतो, हे उत्तर जमिनीवर पडलेल्या पोराकडे बघत देता येत नव्हतं. तेवढ्यात खालून आवाज आला. पिल्लूने गिळलं, खोकला, तोंडातलं लाल बाहीला पुसलं. एक डोळा मिटत चालला होता. उरलेल्या डोळ्यात आनंद मावत नव्हता.

"साहेबांनी सांगितलं होतं ना तुला?" तो म्हणाला. शब्द फुटक्या ओठातून पाझरल्यासारखे येत होते. "बघायला? हात उचलतो का ते? मी नाही उचलला, मामा. एकदाही नाही."

मामाला दोन्ही गोष्टी एकदम दिसल्या. नाही म्हटलं, तर या खोलीत फक्त एक म्हातारा होत चाललेला माणूस होता, ज्याने सख्ख्या भाच्याचं नाक मोडलं होतं, उगाच, तो समोर होता म्हणून; आणि तो जन्मभर तेवढाच राहणार होता. हो म्हटलं, तर यातल्या प्रत्येक थेंबाला अर्थ होता. ताई त्याच्याकडे बघत होती. त्याला रडावंसं वाटलं. तो बायकोसमोर, डॉक्टरसमोर, कुणासमोर रडला नव्हता. आज ताईच्या पायाशी बसून रडता आलं असतं.

"हो," तो म्हणाला. "साहेबांनीच."

"पास?"

"पास."

"खोटं बोलतोय हा," ताई शांतपणे म्हणाली. "साहेबांनी काही सांगितलेलं नाही याला. पिल्लू, माझ्याकडे बघ. मी याची दुपटी धुऊन याला वाढवलंय, याचं खोटं मला कळतं. याने तुला मारलंय. याच्या स्वतःच्या रागाने मारलंय. ऐकतोयस ना?"

"आई, तू मध्ये पडू नकोस," पिल्लू म्हणाला, आणि पलंगाच्या कडेला धरून उठू लागला. उठता येईना, तेव्हा बसल्या जागीच त्याने मामापुढे हात केला.

मामाने बॅग उघडली. कागद काढले, पेन काढलं, कागदांखाली आधाराला खुर्चीवरचं जाड पुस्तक दिलं. पोराचं नाक थेंबथेंब गळत होतं. ताई गुडघे टेकून त्याच्याजवळ बसली, एका हाताने त्याचं डोकं सावरलं आणि दुसऱ्या हाताने टॉवेल नाकाखाली धरला. तिने भावाकडे वळूनही पाहिलं नाही. पिल्लू मिटत्या डोळ्याने ओळ शोधत होता. त्याने सही केली, सावकाश, पूर्ण नाव.

"इथे पण," मामा वाकून म्हणाला, "आणि मागच्या पानावर."